हॅवलॉक बेटावर तीन दिवस : कोणते किनारे निवडावेत?

पाऊलवाट (प्रश्न)
नमस्कार. जानेवारीच्या अखेरीस आम्ही चौघे अंदमानला जाणार आहोत आणि सेल्युलर जेल पाहून झाल्यावर हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, तीन रात्री मुक्काम आहे. आईचे वय 72 असून तिचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला प्रवाळ पाहायचेच आहेत. राधानगरला गर्दी असते असे ऐकले. त्याच्याच टोकाला नील्स कोव्ह नावाची निवांत छोटी खाडी आहे. तिची छायाचित्रे पाहिल्यापासून एक पूर्ण दिवस तिथेच पाण्यात घालवावा असे मनात आहे. एलिफंट बीच, काळापत्थर आणि विजयनगर यांपैकी काय ठेवावे, काय गाळावे?

शिंपला
सर्वप्रथम नील्स कोव्हविषयी. ती जागा पाहण्यासारखी आहेच, पण पाण्यात उतरण्यासाठी मुळीच नाही. अंदमानच्या खाड्यांत आणि कांदळवनांत खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असतो आणि 2010 साली याच ठिकाणी एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पाणी संथ आणि निळे दिसते म्हणून तेथील सूचनाफलकाकडे दुर्लक्ष करू नये, ही कळकळीची विनंती. वाळूवर बसा, छायाचित्रे काढा आणि मुलाचा हात सोडू नका.

राहिला प्रश्न राधानगरच्या गर्दीचा. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्यास्तासाठी सगळे बेट तिथे लोटते, आणि जानेवारीत सूर्य सव्वापाच-साडेपाचलाच बुडतो. त्यामुळे दुपारी साडेतीननंतर जी दाटी दिसते ती सकाळी सातला अजिबात नसते. सुमारे दोन किलोमीटर लांबीची ही पुळण त्या वेळी जवळजवळ रिकामी असते, ओल्या वाळूवर खेकड्यांनी रचलेल्या गोळ्यांची नक्षी पायाखाली मोडण्यापूर्वी पाहायला मिळते, आणि हिवाळ्यातील वारे ईशान्येकडून येत असल्याने पश्चिमेचे हे पाणी बहुधा शांतच असते. पोहण्यासाठी आखून दिलेला भाग व जीवरक्षक येथे आहेत. 2004 साली ‘टाइम’ नियतकालिकाने या किनाऱ्याला आशियात सर्वोत्तम ठरवले आणि 2020 साली त्याला स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले, हे तुम्ही वाचले असेलच. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती किनाऱ्यामागच्या उंच झाडांची सावली, जिच्यात आई तासन् तास बसू शकतील. एकांत हवा असेल तर दुसरी जागा शोधण्यापेक्षा याच जागेची वेळ बदला.

उधाण
शिंपला यांच्याशी सहमत आहे. पूर्वेकडच्या किनाऱ्यांबाबत भरती-ओहोटीचा मुद्दा जोडतो, कारण तिथे सारा खेळ तिचाच आहे. विजयनगरला भरतीच्या वेळी पाणी झाडांच्या मुळांपर्यंत येते, तर ओहोटीला ते इतके मागे सरते की दूरपर्यंत घोटाभर पाणी, मृत प्रवाळाचे तुकडे आणि मधूनच पडलेल्या समुद्रकाकड्या (काकडीसारखे लांबट, मऊ सागरी जीव) एवढेच उरते. पोहायला आलेल्याची तेथे निराशा होते, पण तुमच्या मुलाला हीच ओहोटी आवडेल. पायात जाड तळव्याचे बूट मात्र हवेतच.

आपल्या कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. तो हिशोब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. भरतीचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच पाहावे, वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते हे ध्यानात ठेवावे, आणि पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ असेल तर पाणी नेहमीपेक्षा जास्त मागे जाईल हे गृहीत धरावे. काळापत्थर सूर्योदयापुरता ठेवा. तेथील काळ्या खडकांवर शेवाळ असते, म्हणून आईंनी रस्त्याच्या कडेलाच थांबलेले बरे.

लाटेवरती
प्रवाळासाठी एलिफंट बीचला पर्याय नाही असे मानू नका. तेथे जंगलातून चालत जाता येते, पण शेवटचा टप्पा कांदळवनाच्या चिखलाचा आहे. धक्क्यावरून होडीने जावे तर चढता-उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते, आणि पोहोचल्यावर जेट स्की व सी-वॉकची (शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालण्याची) गजबज असते. माझ्या आईच्या वेळी आम्ही एक रात्र कमी करून नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपावर, गेलो. भरतपूरच्या उथळ पाण्यातून काचेच्या तळाच्या होडीने प्रवाळ दिसतात, त्यामुळे ज्यांना पाण्यात उतरता येत नाही त्यांनाही ते पाहता येतात. होडीच्या काचेवर दोन्ही तळवे टेकवून आई वाकली ती परत येईपर्यंत सरळ झाली नाही.

पाऊलवाट
सर्वांचे मनापासून आभार. नील्स कोव्हमध्ये पोहण्याचा विचार सोडला. आता दोन रात्री हॅवलॉक आणि एक नील असा बदल करतो आहे, आणि एलिफंट बीच गाळतो आहे. एक शेवटची शंका : मुलाला शंख-शिंपले जमवण्याचा नाद आहे, ते आणता येतात का?

उधाण
वाळूवरचेही उचलू नयेत. प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासून ते काढून घेतात. रिकामा वाटणारा शंखही तळहातावर घेऊन क्षणभर स्थिर धरावा. बहुतेकदा आतून एक छोटा खेकडा हळूच पाय बाहेर काढतो.