१.९ बीडलॉकवर टायर चढवताना कडा सुटते. कसं चढवता, काय वापरता?

खारघर_रायडर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे टीआरएक्स-४ आहे, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी (क्रॉलर). कंपनीच्या चाकांना टायर चिकटवलेलेच येतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची १.९ इंची बीडलॉक चाकं (टायरची कडा गोंदाऐवजी स्क्रूने कसलेल्या रिंगेत धरणारी), ४.७ इंची मऊ टायर आणि त्यांत हवेऐवजी भरायचा दुहेरी फोम असं सगळं एकदम मागवलं. चाक तीन भागांचं आहे: मधला ड्रम, पुढची रिंग, मागची रिंग. मागची रिंग बसते. पुढची कसायला घेतली की तीन-चार स्क्रू लागेपर्यंत समोरची कडा खाचेतून वर येते. ती दाबून धरावी तर अलीकडची सुटते. कशीबशी बसवून टेकडीच्या पायथ्याच्या कातळावर नेली, तर गाडी उभ्या दगडाला आडवी टेकल्याबरोबर एका चाकाची कडा बाहेर.

टायर दाबून धरणारा प्रेस मिळतो म्हणे, तो घ्यावा का? की चाकंच बदलू? स्क्रू किती घट्ट करायचे? आणि ठाणे-नवी मुंबईत हे कुणी बसवून देतं का? पैसे द्यायला तयार आहे.

कातळकडा (कासारवडवली)

चाकं बदलू नका, प्रेसही घेऊ नका. आणि बसवून द्यायला कुणाला देऊ नका, कारण एखाद्या दगडावर कडा सुटली तर तिथे ती तुम्हालाच बसवायची आहे.

वर्णनावरून हे फोमचं दुखणं वाटतंय. दुहेरी फोममध्ये आतला थर टणक असतो, बाहेरचा मऊ. नवीन फोम टायरच्या पोकळीपेक्षा थोडा मोठा आणि रुंद असतो, तो तसाच असावा लागतो. पण चाक आत घातलं की त्याचा कोपरा फुगून कडेच्या खाचेत येतो. मग रिंग टायरची कडा नाही, फोम दाबते. वरून सगळं घट्ट वाटतं, गाडी चालली की फोम दबतो आणि कडेला धरणारं काही उरत नाही. रिंग काढून बघा, फोमच्या कोपऱ्यावर चिमटल्याची रेघ असेल.

मी कसं करतो ते सांगतो. टायर आधी भांडी घासायच्या लिक्विडने आतून-बाहेरून धुवायचे. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी कडेवर राहिलेलं असतं, त्याने कडा निसटते. पूर्ण वाळू द्यायचे. फोमला टाल्कम पावडर चोळायची, म्हणजे तो रबराला न चिकटता आत हवा तसा फिरतो. फोम टायरमध्ये घातल्यावर बोट आतून सगळीकडे फिरवायचं, कुठे वळलेला किंवा दुमडलेला राहता कामा नये. मग ड्रम घालायचा आणि कडेजवळचा फोम बोटाने आत ढकलत दोन्ही कडा खाचेत बसवायच्या. फोम फारच आडमुठा असेल तर त्याचे दोन्ही काठ कात्रीने थोडे तिरके कापा. थोडेच. जास्त कापलात तर टायरची बाजू पोकळ होते आणि वळणावर लोळते. टायरच्या नक्षीला दिशा असेल तर डावी-उजवी चाकं आत्ताच ठरवा. चारही सारखी बसवून मग उलटी करणारे पुष्कळ पाहिलेत.

आता मुख्य युक्ती. चाकासोबत येणारे स्क्रू ८ मिमीच्या आसपास असतात. त्याच जाडीचे १२ किंवा १५ मिमी लांबीचे चार स्क्रू वेगळे ठेवा. रिंग ठेवून हे चार लांब स्क्रू अधिक चिन्हासारखे समोरासमोर लावा. रिंग कडेपासून वर असतानाच ते आट्यांत धरतात, त्यामुळे दाबून धरायला तिसरा हात लागत नाही. समोरासमोरच्या जोडीला अर्धा-अर्धा फेरा देत चला. दर फेऱ्यानंतर नखाने कडा खाचेत आहे ना ते बघा. रिंग टेकली की मधल्या भोकांत मूळचे स्क्रू लावा, मग लांब चार काढून तिथेही मूळचे. भोक आरपार नसेल तर मात्र लांब स्क्रू तळाला टेकेल, तिथे थांबा, जोर लावू नका.

घट्ट किती? रिंगेची आणि ड्रमची फट सगळीकडे सारखी दिसली की पुरे. अ‍ॅलन की दोन बोटांत धरा, मुठीत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. बॅटरीचा स्क्रू ड्रायव्हर तर लांबच ठेवा.

नेरूळचा_नाना

एवढी यातायात कशाला? पातळ सीए ग्लू (सुपरग्लू) लावा, विषय संपला. खऱ्या जीपला बीडलॉक लागतो, कारण दगडांवर टायर पसरावा म्हणून लोक हवा कमी करतात आणि मग कडा रिममधून निसटते. आपल्या टायरमध्ये हवाच नाही, फोम आहे. बीडलॉक ही निव्वळ शोभा.

कातळकडा

नाना, हवेचं तुमचं बरोबर आहे. पण आमच्याकडे बीडलॉक कडा धरायला जितका, तितकाच उघडायला लागतो. फोम बदलून बघायचा, टायर बदलून बघायचा, ओला फोम वाळवायचा, तर चिकटवलेलं चाक दर वेळी उकळत बसणार का? चिकटवायचं ते बॅशर (गाडी उडवत-आपटत पळवणारे) आणि रेसवाल्यांनी. त्यांच्या वेगाला ते हवंच.

नेरूळचा_नाना

बरं बाबा. पण शोभेचा मुद्दा अगदीच सोडत नाही मी. काही चाकांत बाहेर दिसणारे बोल्ट खोटे असतात आणि खरे स्क्रू मागून लागतात. घेताना बघून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकाने पुढचे खोटे बोल्ट कसता कसता तोडले.

शेवाळी (बेलापूर)

खारघरकर, तुम्ही पावसाळ्यातही चालवणार असाल तर चाकाच्या भोकाकडे लक्ष द्या. बहुतेक चाकांच्या ड्रमला हवा जायला-यायला भोकं असतात. ती लागतातच, नाहीतर फोम दबत नाही आणि टायर फुग्यासारखा टणक राहतो. पण डबक्यातून गेलात की त्याच भोकांतून पाणी आत शिरतं, मऊ फोम ते पिऊन बसतो आणि चाक जड आणि एकीकडे भारी होतं. मी ड्रमची भोकं आतून टेपने बंद करते आणि टायरच्या नक्षीच्या मधोमध, समोरासमोर, चामड्याच्या पंचने छोटी भोकं पाडते. चाक फिरलं की पाणी बाहेर फेकलं जातं. पंचच वापरा, चाकू नको. चाकूचा काप पुढे फाटत जातो.

दुसरं, स्क्रू. आपल्याकडच्या हवेत काळे स्टीलचे स्क्रू एका पावसाळ्यात गंजतात आणि मग अ‍ॅलन की त्यांच्या डोक्यात नुसती फिरते. स्टेनलेसचे घ्या. लावताना आट्यांना अँटी-सीझचा किंवा ग्रीसचा अगदी हलका हात द्या, स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात. ग्रीस कडेला मात्र लागू देऊ नका.

खाडीच्या चिखलात गाडी नेऊच नका. खारं पाणी बेअरिंगपासून चाकापर्यंत सगळं खातं, आणि तिवरांत चाकं फिरवायला जागा आहे का ती?

खारघर_रायडर

कातळकडा दादा, फोमच निघाला! दोन चाकांत कोपऱ्यावर रेघ स्पष्ट दिसली. काठ तिरके कापले, लांब स्क्रू आणून एक चाक बसवलं. पहिल्यांदाच फट सगळीकडून सारखी आली. ताई, टेपचं आजच करतो.

एक राहिलं. चाक बसवून गाडीला लावलं तर मागे कुठेतरी घासल्याचा आवाज येतो. आणि स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावतात तो थ्रेडलॉक लावायचा का?

कातळकडा

टीआरएक्स-४ ला पोर्टल अ‍ॅक्सल आहे, म्हणजे चाकाच्या आत गिअरची डबी येते. १.९ चाकात ती जेमतेम मावते. चाकाचा हब बदलता येत असेल तर थोडा बाहेर काढणारा घ्या, नाहीतर १२ मिमीचा हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षटकोनी तुकडा) जास्त जाडीचा लावा. पण चाक फार बाहेर गेलं तर स्टिअरिंगच्या सर्व्होवर (चाकं वळवणाऱ्या मोटरवर) ताण येतो, तेव्हा घासणं थांबेल एवढंच. हेक्स जाड केलात तर एम४ च्या नटातल्या नायलॉनच्या कड्यापर्यंत अ‍ॅक्सलचे आटे अजून पोचतायत ना ते नक्की बघा. ७ मिमीचा पाना लागेल.

थ्रेडलॉक हबच्या स्क्रूंना लावा, निळा. रिंगेच्या स्क्रूंना मी लावत नाही, तिथे ताईंचं ग्रीस बरं. पहिल्या फेरीनंतर ते एकदा तपासायचे, कारण कडेचं रबर दबून बसतं आणि स्क्रू आपोआप सैल वाटतात.

आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा जड असली तर चांगलंच, चढावर नाक उचललं जात नाही. पितळी वजनं घालायची तर पुढेच घाला.

ऐरोली_पालक

मधेच घुसतो. मुलीसाठी एससीएक्स२४ ही छोटी क्रॉलर घेतली आहे. हेच सगळं तिलाही लागू का? आणि जुने चिकटवलेले टायर सोडवायचे कसे? मित्राच्या मोठ्या गाडीचे पडून आहेत.

शेवाळी

पद्धत तीच, पण तिची चाकं १.० इंची आणि हेक्स ७ मिमीचा, त्यामुळे मोठ्या गाडीचं काहीही लागत नाही. स्क्रू इतके बारीक की पांढऱ्या कपड्यावर बसून काम करा, खाली चुंबक ठेवा. लांब स्क्रूच्या युक्तीची तिथे क्वचितच गरज पडते, टायर एवढा लहान की अंगठ्यानेच बसतो. मुलीला करू द्या, बारीक बोटांचं काम आहे.

चिकटवलेले सोडवायला उकळतं पाणी. सीए ग्लू उष्णतेने ठिसूळ होतो. चाकं वीस-पंचवीस मिनिटं उकळायची, हातमोजे घालून कडा थोडी थोडी सोलत जायची, नाही सुटली तर परत पाण्यात. त्यासाठी जुनं पातेलं ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक नको. अ‍ॅसिटोननेही सुटतं, पण फोमची वाट लागते, काही प्लास्टिक विरघळतं आणि ते भडकन पेटतं. घरात मूल असताना मी तरी उकळण्यावरच थांबेन.

नेरूळचा_नाना

गाडी नेता कुठे तुम्ही लोक? येऊरला जमतं का?

कातळकडा

येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, तिथे नको. बांधकाम थांबलेल्या प्लॉटवरचे दगडसुद्धा क्रॉलरला पुरतात, फक्त राखणदाराला विचारून आत जा.

खारघर_रायडर

आमच्याकडे टेकड्यांवर कातळ भरपूर, पण पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या बाजूला बंदीचे आदेश निघतात, तेव्हा तिकडे फिरकू नका. पाऊस थांबल्यावर काळ्या दगडावर शेवाळ असतं तेव्हा मऊ टायरही घसरतो. कातळ सुकला की मात्र रबर असं धरतं की बघत राहावं.

स्क्रू कुठून घेता? ऑनलाइन पाकिटं महाग पडतात आणि लांबी धड लिहिलेली नसते.

नेरूळचा_नाना

नागदेवी स्ट्रीट. हार्बरने मशीद स्टेशनला उतरून चालत. जाताना चाकाचा एक जुना स्क्रू खिशात ठेवा. जाडी एम२ आहे की एम२.५ हे डोळ्यांना कळत नाही, दुकानदार गेजवर लावून लगेच सांगतो. एम२ ला १.५ मिमीची अ‍ॅलन की लागते, एम२.५ ला २ मिमीची, तेव्हा मूठवाल्या दोन्ही तिथेच घ्या. चाकासोबत फुकट येणारी की फेकून द्या, स्क्रूची डोकी तीच खाते. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.

खारघर_रायडर

शनिवारी जातो. नाना, तुमच्यासाठी काही आणू का?

नेरूळचा_नाना

एम२.५ बाय ८, स्टेनलेस, शंभराचं पाकीट. आणि त्या कातळकड्याला सांगू नका, पण मीपण बीडलॉक मागवले आहेत.