पालकांच्या नावावरचं कर्ज वेगळं
वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत मूल कायमचं अपंग झालं की त्याच्या शिक्षणासाठी काढलेलं सगळं सरकारी कर्ज माफ होतं. हे अर्धंच खरं आहे. मुलाच्या स्वतःच्या नावावरचं फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचं) कर्ज माफ होतं. पण आईवडिलांनी मुलाच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावावर काढलेलं 'पॅरेंट प्लस' हे फेडरल कर्ज माफ होत नाही, कारण तिथे कर्जदार पालक असतात आणि अपंगत्वही त्यांचंच बघतात. मूल दगावलं तर मात्र तेच कर्ज माफ होतं! माझ्या चुलतभावाची मुलगी अपंग झाली तेव्हा असंच अर्धं काम झालं. मुलीचं कर्ज सुटलं, त्याचा हप्ता अजून चालू आहे. तो गप्प भरतो, पण विषय निघाला की चिडतो.

अपंगत्वामुळे माफी मिळाल्यावर तीन वर्षं उत्पन्नाचा हिशोब द्यावा लागतो, हा मुद्दा आता जुना झाला. जुलै २०२३ पासून ती अट गेली. मात्र सोशल सिक्युरिटी (सरकारी सामाजिक सुरक्षा खातं) किंवा डॉक्टरांच्या दाखल्यावर माफी मिळाली असेल तर पुढच्या तीन वर्षांत नवं फेडरल कर्ज घेऊ नका, माफ झालेलं परत अंगावर येऊ शकतं. माजी सैनिकांच्या खात्यातर्फे मिळालेल्या माफीला ही भानगड नाही. आणि डॉक्टरांची सही झाल्यावर माफीचा फॉर्म ९० दिवसांच्या आत पोचवायचा, नाहीतर सही वाया. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलांना यातलं काहीच लागू नाही, त्यांना फेडरल कर्ज मुळात मिळतच नाही. त्यांनी खासगी बँकेचा करारच नीट वाचावा, विशेषतः सहकर्जदाराचं कलम.