पीथ्रेडची अ‍ॅट्रिब्यूट्स: शेड्युलिंगची परवानगी आणि स्टॅकचा आकार यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार. लिनक्सवर चालणाऱ्या, सी भाषेतील आमच्या प्रोग्रॅममध्ये यंत्राची कंपने दर 2 मिलिसेकंदांनी वाचणारा एक थ्रेड (प्रोग्रॅममधील समांतर चालणारे काम) आहे आणि ती नोंदवणारे व पुढे पाठवणारे इतर 23 थ्रेड आहेत. वाचणाऱ्या थ्रेडचे प्राधान्य तो तयार होण्याआधीच ठरलेले असावे, अशी गरज आहे. नंतर बदलले तर पहिली काही वाचने सामान्य प्राधान्यानेच होतात, आणि यंत्र सुरू होतानाची कंपने आम्हाला सर्वांत महत्त्वाची आहेत.

त्यासाठी अ‍ॅट्रिब्यूट ऑब्जेक्ट (पीथ्रेड या थ्रेड लायब्ररीत नव्या थ्रेडची सेटिंग्ज ठेवणारा) इनिट करून आधी शेड_फिफो ही रिअल-टाइम शेड्युलिंगची पॉलिसी आणि मग 50 हे प्राधान्य दिले आहे. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, कारण जीलिबसी (सी भाषेची मानक लायब्ररी) त्या क्षणी नोंदलेल्या पॉलिसीशी प्राधान्य ताडून पाहते आणि मूळच्या शेड_अदर या सामान्य पॉलिसीमध्ये 0 शिवाय दुसरे प्राधान्य चालत नाही. तरीही थ्रेड तयार करणारे पीथ्रेड_क्रिएट 0 (यशस्वी) परत देत असे आणि पीएस या कमांडच्या यादीत मात्र थ्रेडचा वर्ग टीएस, म्हणजे सामान्य, असाच दिसे. इनहेरिटशेड या सेटिंगचे मूळ मूल्य 'जनकाकडून घ्या' असे असल्याने आमची पॉलिसी गुपचूप बाजूला पडत होती. ते मूल्य एक्स्प्लिसिट केल्यापासून पीथ्रेड_क्रिएट 1, म्हणजे ईपर्म (परवानगी नाही), परत देते. रूट म्हणून चालवल्यास सर्व सुरळीत चालते, परंतु प्रत्यक्ष वापरात रूट द्यायचे नाही.

सेटकॅप कमांडने प्रोग्रॅमच्या फाइलला कॅप_सिस_नाइस (प्राधान्य वाढवण्याची परवानगी) द्यावे, तर लोडर एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी शोधण्याच्या जागा सांगणारे चल) मानत नाही आणि आमची एक लायब्ररी तिथूनच येते. लिमिट्स.कॉन्फमधील आरटीप्रायो (रिअल-टाइम प्राधान्याची कमाल मर्यादा) लॉगिनच्या वेळी लागू होते, सिस्टमडीने (लिनक्सचा सर्व्हिस व्यवस्थापक) चालवलेल्या सर्व्हिसला नाही. म्हणून सर्व्हिस फाइलमध्ये लिमिटआरटीप्रायो 50 देणे मला योग्य वाटते. ही मर्यादा सर्व्हिसमधील सगळ्याच थ्रेडना मिळते, यातून पुढे काही अडचण आल्याचा अनुभव कोणाला आहे का?

दुसरा प्रश्न स्टॅकचा आहे. पेज फॉल्टमुळे (हवे ते पान मेमरीत नसल्यामुळे) उशीर होऊ नये म्हणून आम्ही सर्व पाने मेमरीत लॉक करणारे एमलॉकऑल, भावी पानांसह, वापरतो. यूलिमिटच्या मर्यादेनुसार प्रत्येक थ्रेडला 8 एमबी स्टॅक मिळतो. एरवी तो वापरला जाईल तेवढाच मेमरीत येतो, पण इथे संपूर्ण स्टॅक लॉक होतो आणि 24 थ्रेडचे 192 एमबी होतात. बोर्डावर एकूण 256 एमबीच आहेत. म्हणून सेटस्टॅकसाइझने 256 केबी द्यायचा विचार आहे, परंतु एका फंक्शनमध्ये 64 केबीचा स्थानिक बफर आहे आणि लायब्ररीच्या आतील कॉल किती खोल जातात हे बाहेरून दिसत नाही.

सेटस्टॅकने स्वतःची मेमरी देऊन, ती ठरावीक बाइटने भरून, शेवटी कुठवर पुसली गेली ते पाहता येईल. मात्र मग गार्ड पेजची (स्टॅक ओलांडल्यास प्रोग्रॅम थांबवणाऱ्या संरक्षक पानाची) जबाबदारी आपल्यावर येते, आणि स्टॅक ओलांडला गेल्यास शेजारची मेमरी निमूटपणे बिघडेल. गार्ड पेज शाबूत ठेवून स्टॅकचा सर्वाधिक वापर मोजण्याची रीत कोणी वापरली असल्यास कृपया कोडच्या तुकड्यासह सांगावी, आणि मोजलेल्या आकड्यावर किती मोकळी जागा ठेवता तेही लिहावे.