जेनी लिंडचा आवाज बार्नमच्या आधीचा

स्वीडनची ऑपेरा गायिका जेनी लिंड म्हणजे तिला अमेरिकेत नेणाऱ्या बार्नम या तिथल्या करमणूक-व्यावसायिकाने जाहिरातबाजी करून फुगवलेलं नाव, असं म्हणतात. अर्धंच पटतं. न्यूयॉर्कला 1850 मध्ये तिच्या मैफिलीच्या तिकिटांचा लिलाव झाला आणि पहिलं तिकीट एका टोपीवाल्याने 225 डॉलरला घेतलं, हे खरं. (त्यात तिच्यापेक्षा त्याच्या टोप्यांचीच जाहिरात जास्त झाली!) पण लंडनने तिला 1847 मध्येच डोक्यावर घेतलं होतं. 1849 मध्ये, तिशीही गाठायच्या आत, ती ऑपेरातून आपणहून बाहेरही पडली होती. अमेरिकेत गायली त्या नुसत्या मैफिली.

मुख्य म्हणजे 1841 चं पॅरिस विसरून चालणार नाही. स्टॉकहोममध्ये सतराव्या वर्षापासून प्रमुख भूमिका गाऊन गाऊन, त्यात गावोगावचे दौरे करून, तिचा गळा पार बसला होता. त्या अवस्थेत ती पॅरिसला मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाकडे शिकायला गेली. त्याने ऐकलं आणि शिकवायला साफ नकार दिला. सहा आठवडे गायचं नाही, बोलायचंही जमेल तितकं कमी, मग ये. ती खरंच गप्प बसली, परत गेली आणि श्वास कसा घ्यायचा इथपासून पुन्हा शिकली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला 'नॉर्मा' हा ऑपेरा गायली. हाच गार्सिया पुढे, 1854 च्या सुमारास, छोटा आरसा घशात धरून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल बघत बसला. कान-नाक-घसावाले डॉक्टर अजूनही त्याचं नाव घेतात.