दादाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट नॉर्मल, तरी ‘हे’ घराण्यात असू शकतं का?

धाकटी:
दादा २६ वर्षांचा आहे. बोलतो, पण तेच वाक्य दहादा. नजर टाळतो, चेहरा लांबट, कान मोठे. ‘जन्मला तेव्हा उशिरा रडला, म्हणून असा,’ हेच ऐकत मी मोठी झाले. लहानपणी त्याची कॅरिओटाइप (गुणसूत्रांची) तपासणी झाली, ती नॉर्मल आली आणि विषय मिटला.
आता आम्ही दोघं बाळाचा विचार करतोय, म्हणून मी वहीत घराण्याचा तक्ता काढला आणि चपापले. मावशीचा मुलगा थेट दादासारखा आहे. मामाची तिन्ही मुलं मात्र व्यवस्थित. आईची पाळी ३७व्या वर्षीच गेली. आजोबांचे (आईच्या वडिलांचे) हात साठीनंतर थरथरू लागले, चालताना तोल जातो. मी उगाच धागे जुळवतेय का?

पेशीवाला:
उगाच नाही. प्रयोगशाळेत काम करतो, तुमचा तक्ता वाचून पहिलं नाव डोक्यात आलं ते फ्रॅजाइल एक्स, म्हणजे एक्स गुणसूत्रावरून पुढे जाणारा, बौद्धिक वाढीवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार. कॅरिओटाइप म्हणजे पुस्तकाची पानं मोजणं. एका पानावर एकच अक्षरगट शेकडो वेळा छापला गेलाय, हे त्यात कळत नाही. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर१ जनुकात सीजीजी हा तीन अक्षरांचा तुकडा साधारण ४४ वेळांपर्यंत असतो. ५५ ते २०० म्हणजे वाहक. २०० च्या वर गेला की जनुक बंद पडतं आणि मेंदूला लागणारं प्रथिन बनत नाही.
आजोबा वाहक असतील तर त्यांचा एकुलता एक्स दोन्ही मुलींना गेला. मामाला त्यांच्याकडून वाय मिळाला, म्हणून ती शाखा सुटली. आईकडून पुढे जाताना ही तुकड्यांची साखळी लांबू शकते. वाहक बायकांची पाळी लवकर जाणं आणि वाहक पुरुषांना उतारवयात कंप सुटणं, दोन्ही यात बसतं.
अर्थात हा अंदाज. बिघडली तर बौद्धिक वाढ अडते अशी एक्सवरची शंभराहून जास्त जनुकं माहीत आहेत. आधी दादाची एफएमआर१ तपासणी करा. एक्झोम (जनुकांचे प्रथिन बनवणारे भाग वाचणारी तपासणी) करून घेऊ नका, त्यात हे सहसा सापडत नाही.

दोघांची_आई:
आमच्याकडे हेच निघालं. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी रडले, पण बाळंतपणात आपलंच काहीतरी चुकलं हे अकरा वर्षांचं ओझं उतरलं. औषधानं हे बरं होत नाही. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीनं फरक पडला.
धाकटी, दादात निघालं तर स्वतःचीही तपासणी कर, दिवस जाण्याआधीच. तुला काही त्रास नाही म्हणजे तू वाहक नाहीस असं होत नाही. आणि मावशीला मुली असतील तर त्यांनाही कळवावं लागेल. मला तो फोन सगळ्यात जड गेला.

धाकटी:
आहे, एक. पुढच्या वर्षी तिचं लग्न.
आईला दाखवलं. ती बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘म्हणजे तो उशिरा रडला म्हणून नाही?’
जनुकीय समुपदेशकांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. दादाला फक्त सुईची भीती आहे. सकाळपासून विचारतोय, ‘एकदाच ना? एकदाच ना?’