मदत हवी आहे: बकथॉर्न तोडला, दुप्पट उगवला. आता पुढे काय?

पायवाट:

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे नेहमी वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. प्रश्न बागेचा नाही, जंगलाचा आहे, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

आम्ही इलिनॉयच्या उत्तर भागात राहतो. शिकागो नव्हे, त्याच्या बरंच पलीकडे. मका, सोयाबीन आणि परत मका. त्यात मधेच काउंटीच्या (इथला जिल्हाच म्हणा) फॉरेस्ट प्रिझर्व्हचा, म्हणजे राखीव रानाचा, एक तुकडा आहे, जुन्या ओकचा. आमच्या मागच्या कुंपणापासून चालत पाच मिनिटं. इथे ही रानं सांभाळणाऱ्या फॉरेस्ट प्रिझर्व्ह डिस्ट्रिक्टची घरपट्टीच्या बिलात स्वतंत्र ओळ असते. आमच्या काउंटीत वस्तीच कमी, त्यामुळे ती ओळही बारीक आणि पगारी माणसंही मोजकी. बरंचसं काम आमच्यासारखे शनिवारचे हौशी लोक करतात.

गेल्या जानेवारीत आम्ही आठ जणांनी मिळून साधारण एक एकरातला बकथॉर्न तोडला. माहीत नसलेल्यांसाठी: हे युरोपातलं झुडूप. एकोणिसाव्या शतकात इथे कुंपणाला लावलं आणि पक्ष्यांनी फळं खाऊन रानभर पसरवलं. आमच्या तुकड्यात तर इतकं दाट होतं की ओकच्या बुंध्यापर्यंत पोचायला वाकून जावं लागायचं. जमिनीवर उन्हाचा कवडसा नाही, गवत नाही, ओकचं एक रोप नाही.

चूक आमचीच. त्या दिवशी खुंटांना तणनाशक लावणारा परवानाधारक माणूस आलाच नाही. हात थांबेनात, म्हणून आम्ही तोडत सुटलो. "नंतर लावू" म्हणालो. आता जून आहे आणि प्रत्येक खुंटाला दहा-बारा धुमारे फुटलेत. एक खोड होतं तिथे झाडू झालाय. शिवाय खाली बकथॉर्नच्याच रोपांचा गालिचा.

दुसरं दुखणं शेजाऱ्यांचं. प्रिझर्व्हला लागून एका शेतकऱ्याचं घर आहे. त्या झाडीमुळे त्यांच्या अंगणातून हायवे दिसत नसे, आता दिसतो. पुढच्या महिन्यात डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची बैठक आहे, तिथे ते तक्रार करणार. मला बोलायला तीन मिनिटं मिळतील.

तिसरं, घरचं. आई सहा महिन्यांसाठी आली आहे. ती म्हणते, "आपल्याकडे शाळेतल्या पोरांना झाडं लावायला नेतात, आणि तू थंडीत कोयता घेऊन झाडं तोडायला जातेस?" (कोयता नाही, लॉपर आहे, लांब दांड्यांची कात्री. पण तिला ते पटत नाही.)

तर: १) या धुमाऱ्यांचं आता काय करू? २) मोकळ्या जमिनीवर काही पेरायचं का? ३) तीन मिनिटांत काय बोलू?

काका_रॉकनदी:

पायवाट, आधी एक सांगा, परवान्याविना तुम्ही स्वतः औषध लावलं नाहीत ना? इलिनॉयमध्ये सार्वजनिक जागेवर तणनाशक वापरायचं तर राज्याच्या कृषी खात्याचा परवाना लागतो, बाटली दुकानात मिळत असली तरी. तोडलंत आणि औषध लावलं नाहीत ही चूक निस्तरता येते. उलटं झालं असतं तर अख्खा गट बंद पडला असता. अभ्यास करून परीक्षा द्या. गटात परवाना असलेली दोन माणसं तरी हवीत, एक आजारी पडतोच.

आता धुमारे. उन्हाळ्यात त्यांच्या मागे लागू नका. ऑक्टोबर संपताना इथली देशी झाडं पानं टाकतात, बकथॉर्न मात्र हिरवाच असतो. ती त्याची चलाखी आहे, सगळे झोपले की एकटा जेवत बसतो. तेव्हाच त्याला गाठायचं. सगळ्या रानात हिरवं दिसेल ते बहुतेक बकथॉर्न नाहीतर हनीसकल, तेही बाहेरून आलेलं झुडूप. धुमारे कापा आणि परवानाधारकाकडून ताज्या कापावर लगेच औषध लावून घ्या. ग्लायफोसेट हे तणनाशक असेल तर काही मिनिटांत, कॉफी पिऊन आल्यावर नाही. जाड खुंटावर मधल्या लाकडाला लावून उपयोग नाही, सालीलगतच्या कड्याला लावायचं, जीव तिथे असतो.

आणि नर-मादी बघा. झाडं वेगळी असतात. काळी फळं धरणारी मादी आधी काढा. एका वर्षात सगळं होत नसतं, निदान बी पडणं थांबेल.

चिंचगुळ:

क्षमस्व, पण निसर्ग वाचवायला विष? मला हे गणित कधीच कळलं नाही.

काका_रॉकनदी:

चिंचगुळ, प्रश्न रास्त आहे. कमी झाडं असतील तर विषाशिवायही जमतं. खुंट जमिनीलगत कापायचा, त्यावर जाड काळं प्लास्टिक घट्ट बांधायचं, दोन हंगाम सोडायचं नाही. उजेड नाही मिळाला की मरतो. माझ्या स्वतःच्या आवारात मी तसंच केलं. पण एकरभरात हजारो खुंट असतात. तिथे प्लास्टिक बांधत बसलो तर माझी नातवंडंही बांधत बसतील.

माती:

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये परिसंस्थेवर शिकतेय, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगते.

पायवाटताई, रोपांचा गालिचा बघून घाबरू नका. वरची सावली गेली की जमिनीतलं जुनं बी एकदम उठतं. ते बी काही वर्षं टिकतं, पण जन्मभर नाही. खरा धोका जमीन उघडी ठेवण्यात आहे. बकथॉर्नची पानं नायट्रोजनने भरलेली, ती पटकन कुजतात आणि खाली पाचोळाच उरत नाही. पाचोळा नाही, गवत नाही, म्हणजे आग पुढे सरकत नाही. आणि इथल्या ओकच्या रानाला अधूनमधून आग लागते, म्हणजे हवी असते. बर ओकची साल बुचासारखी जाड असते, गवताची आग तिच्या बुंध्याशी येऊन विझते. पातळ सालीची रोपं मात्र जातात. आग थांबली तशी मेपल आणि झुडपं वाढली आणि ओकची पोरं सावलीत मेली. तुमच्याकडे ॲशची झाडं असतील तर तीही वाळली असणार. त्यांना पोखरणारा हिरवा भुंगा इलिनॉयमध्ये २००६ मध्ये सापडला. ॲश मेले, वरून उजेड आला आणि तो बकथॉर्नने खाल्ला.

म्हणून पेरा. व्हर्जिनिया वाइल्ड राय आणि बॉटलब्रश गवत, दोन्ही ओकखाली चालतात आणि लवकर जमीन धरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात विस्कटायचं, बर्फावर टाकलं तरी चालेल. पुष्कळ देशी बियांना हिवाळाभर थंड ओल मिळाल्याशिवाय अंकुर फुटत नाही. बागेच्या दुकानातलं "रानफुलांचं पाकीट" आणू नका, त्यात कुठली कुठली फुलं असतात. बी आसपासच्याच रानातलं हवं, पण परवानगीशिवाय प्रिझर्व्हमधून मूठभरही गोळा करायचं नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टलाच विचारा. पहिल्या वर्षी वर फारसं काही दिसणार नाही. ते खाली मुळं करत असतं.

पायवाट:

काका, औषधाला आम्ही हात लावला नाही, शपथ. परीक्षेचं पुस्तक मागवते. माती, तुझा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय.

आगीबद्दल आईला भीत भीत सांगितलं. वाटलं, झाडं तोडण्यावरून एवढं बोलली, जाळणार म्हटल्यावर भारताचं तिकीटच काढायला सांगेल. तर म्हणाली, "मग आधी का नाही सांगितलंस? राब भाजत नाही का आपण?" तिचं माहेर माणगावकडचं. भातरोपांसाठी राब कसा रचायचा, वारा पडल्याशिवाय काडी का लावायची नाही, कडेने आधी जाळून का घ्यायचं, सगळं तासभर सांगत होती. मार्चमध्ये डिस्ट्रिक्टच्या बर्नला, म्हणजे ते ठरवून रान जाळतात तेव्हा, मी नुसती बघायला गेले होते, त्यांनीही आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने सावकाश जाळत पट्टा काळा करून घेतला होता.

टेकडीवाला:

आमच्या वन खात्यात त्याला जाळरेषा म्हणतात. आईंना नमस्कार सांगा.

पुण्याच्या टेकड्यांवर आम्ही हेच भोगतोय. लवकर हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प लावलं, ग्लिरिसिडिया. आता त्याच्या खाली काही येत नाही, आणि काढायचं म्हटलं की फिरायला येणारे अंगावर येतात. सोलापूर-नगरकडच्या गवताळ माळांचंही तेच, गवत म्हणजे पडीक असं आपल्या डोक्यात बसलंय. तेव्हा तुमच्या शेतकऱ्याला नावं ठेवू नका. त्यांना झाडी गेलेली दिसते, जंगल गेलेलं तुम्हाला दिसतंय.

काका_रॉकनदी:

तिसऱ्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत: भाषण करू नका.

मी शिकागोत होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या कुक काउंटीत स्वयंसेवकांनी १९७७ पासून नदीकाठच्या प्रेअरी, म्हणजे गवताळ रानं, जिवंत करायचं काम चालवलं होतं, फार चांगलं काम. पण झाडं तोडणं, जाळणं, औषध, हे आजूबाजूच्या लोकांना कळलं ते झाल्यावर. १९९६ मध्ये इतका आरडाओरडा झाला की बोर्डाच्या अध्यक्षांनी सगळं काम थांबवलं. काही ठिकाणी ते अनेक वर्षं बंद राहिलं. शास्त्र स्वयंसेवकांच्या बाजूने होतं, उपयोग काय झाला?

इलिनॉय स्वतःला प्रेअरी स्टेट म्हणवतं आणि जुनी, न नांगरलेली प्रेअरी एक हजारांश भागही उरलेली नाही. हे मी लोकांना शंभरदा सांगितलं असेल. त्यामुळे कोणाचा हायवे दिसायचा थांबला नाही. बैठकीच्या आधी त्या शेतकऱ्याच्या दारात जा. झाडं का तोडली ते मागाहून सांगा, आधी त्यांच्या अंगणात उभ्या राहून हायवे बघा.

पायवाट:

अपडेट. काल गेले, सोबत आई आणि रव्याचे लाडू. काका, खरंच दिसतो हो हायवे. रात्री ट्रकचे दिवे थेट त्यांच्या स्वयंपाकघरात येतात. मला इतकं वाईट वाटलं की तयार केलेलं काहीच बोलले नाही.

त्यांनीच विषय काढला. त्यांचे आजोबा त्या ओकखाली गाई बांधायचे, तेव्हा आरपार दिसायचं म्हणाले. बकथॉर्नचं त्यांना प्रेम नाही, आडोसा हवाय. डिस्ट्रिक्टच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, त्या कडेला देशी झुडपांची रांग लावायला हरकत नाही, रोपं तुम्ही आणा. मनात अमेरिकन हेझल आणि ग्रे डॉगवूड आहे. बैठकीत ते येणारच आहेत, पण तक्रारीऐवजी रोपांना पैसे मागणार म्हणे. बघू.

शेवटचा प्रश्न: हेझल किती अंतरावर लावू? आणि कधी?

माती:

सहा ते आठ फुटांवर, दोन ओळींत, आडव्या-तिडव्या. पानगळीनंतर, जमीन गोठायच्या आत. आणि पहिली तीन-चार वर्षं प्रत्येक रोपाला तारेची जाळी, उंच. नाहीतर हरणं एका रात्रीत साफ करतील. त्या दोन ओळी बर्नच्या पट्ट्याबाहेर ठेवायला सांगायला विसरू नका, डिस्ट्रिक्टच्या नकाशावर खूण करून घ्या. मार्चमध्ये येणाऱ्या टोळीला कोणी तोंडी सांगितलेलं लक्षात नसतं.