प्रतिसाद: मॉरिशसला बाहेरच जेवा
मॉरिशसला शाकाहाऱ्यांचे हाल होतात, म्हणून रिसॉर्टचंच जेवण आधी बुक करा, हा सल्ला मला अजिबात पटला नाही. राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये दालपुरी खाऊन बघा. पिवळ्या डाळीचं कोरडं सारण भरलेली, पुरणपोळीसारखी मऊ पण बिनगोडाची पोळी. दोन पोळ्यांत मोठ्या पांढऱ्या वालांची उसळ, टोमॅटोचा रुगाय (मसालेदार दाटसर रस्सा), लोणचं, मिरचीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. (मिरची कमी सांगा, खरंच झणझणीत असते!) सोबत गातो पिमा, म्हणजे डाळीचे मिरची घातलेले तळलेले वडे, आणि सब्जा घातलेला थंडगार दुधाचा आलुदा. नूडल्स घेताना मात्र ऑयस्टर सॉस किंवा फिश सॉस नाही ना, हे विचारून घ्या.